अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली माणसे

अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता विभागात दाखल झाले की पहिल्या काही तासांतच आईवडिलांच्या हाती बरेच कागद पडतात आणि त्यांत भेटीच्या वेळांचा एक कागद बहुतेक ठिकाणी असतोच. सकाळी अमुक ते अमुक, संध्याकाळी अमुक ते अमुक, एका वेळी एकच जण, बाळाला हात लावण्यापूर्वी सिस्टरांना विचारावे. गेली अनेक वर्षे मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते आहे. संसर्गाची भीती, जागेची टंचाई, मोजक्या कर्मचाऱ्यांवर पडणारा भार ही या नियमांमागची कारणे मी रोज पाहते आणि ती खोटी नाहीत. तरीही आईवडिलांना पाहुण्यांच्या रांगेत उभे करणे मला पटत नाही. त्यांचा सहभाग हा उपचारांचाच भाग आहे आणि तो दूध, औषधे व प्राणवायू यांच्या शेजारी, त्याच गांभीर्याने लिहिला गेला पाहिजे. बाळाचे माणसांशी नाते जुळू लागते ते घरी गेल्यावर नव्हे. ते पेटीत, म्हणजे ऊब देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये, असतानाच जुळू लागते.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहा बाळांमागे सुमारे एक. त्यांतली बरीचशी ३२ आठवड्यांनंतरची असतात आणि लवकर घरी जातात. मी इथे प्रामुख्याने त्याआधीच्या बाळांविषयी लिहिते आहे, ज्यांचे आयुष्याचे पहिले कित्येक आठवडे यंत्रांच्या सोबतीत जातात.

या बाळाला काय कळते, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, कधी शब्दांत तर कधी नुसत्या नजरेने. स्पर्श आणि वास यांची जाण त्याला पुष्कळ आधीच आलेली असते. साधारण २४-२५ आठवड्यांपासून आवाज ऐकू येऊ लागतात. दृष्टी मात्र सगळ्यांत शेवटी पक्व होते. म्हणजे २८ आठवड्यांचे बाळ आपल्याला नीट पाहू शकत नसले, तरी ऐकते, हुंगते आणि अंगाला काय लागते ते त्याला समजते. पोटात असते तर या काळात त्याला आईचा आवाज तिच्या शरीरातून अखंड ऐकू आला असता. त्याऐवजी त्याच्या कानावर पडतात ते गजर, पंपांची घरघर, पेटीच्या झडपा उघडल्या-मिटल्याचा आवाज. अशा विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात ती मर्यादा वरचेवर ओलांडली जाते. स्पर्शाची कथा त्याहून कठीण आहे. टाचेतून रक्त काढणे, नाकातोंडातला स्राव ओढून घेणे, कातडीवरची चिकटपट्टी सोडवणे, सलाईनसाठी पुन्हा शीर शोधणे ही सगळी आवश्यक कामे आहेत आणि ती आम्हीच करतो. पण बाळाच्या वाट्याला दिवसभर येणारा स्पर्श बहुतांशी असाच असेल, तर हात जवळ आला की काहीतरी दुखते, एवढेच त्याच्या शरीराला कळत राहते. यंत्रे आणि आम्ही मिळून बाळाला जगवतो. हातांचा दुसरा अनुभव देणारे कोणीतरी मात्र हवेच असते, आणि जे रोज, त्याच आवाजाने व त्याच वासाने परत येतात ते आईवडीलच. आम्ही पाळीगणिक बदलतो.

सामाजिक विकास म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर हसणारे, हात पसरून झेपावणारे बाळ येते. त्याची मुळे पुष्कळ खोल असतात. मी काहीतरी केले आणि समोरच्याने त्याला प्रतिसाद दिला, हा अनुभव पुन्हा पुन्हा मिळणे हे ते मूळ. हायडेलीझ आल्स या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार अपुऱ्या दिवसांचे बाळही आपल्या वागण्यातून सतत काही सांगत असते. श्वास, त्वचेचा रंग, हालचाल, झोप-जागेपणा आणि लक्ष या सगळ्यांचा तोल सावरत ते भोवतालाशी व्यवहार करते आणि तो तोल ढळू लागला की त्याच्या खुणा दिसतात. बोटे ताणून फाकणे, पाठ मागे वळवणे, चेहऱ्यासमोर हात आडवा येणे, जांभई, उचकी, नजर बाजूला नेणे, ओठांभोवती फिकटपणा या ‘आता पुरे’ च्या खुणा. हात तोंडाकडे नेणे, मुठीत काहीतरी धरून ठेवणे, कपाळावरची आठी सुटणे, क्षणभर स्थिर पाहणे या तयारीच्या. ही यादी पाठ करणे सोपे आहे. आपल्या बाळाच्या बाबतीत ती ओळखायला मात्र त्याच्याशेजारी बराच वेळ बसावे लागते, आणि अर्ध्या तासाच्या भेटीत ते साधत नाही.

एक प्रसंग सांगते, कारण या खुणा म्हणजे काय ते त्याने नेमके दिसते. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीचे वडील पहिल्यांदाच तिचा डायपर बदलत होते. पेटीच्या गोल झडपांतून दोन्ही हात आत, श्वास रोखलेला, कपाळावर घाम. त्यांनी तिचे पाय उचलले तशी तिची बोटे ताठ फाकली, एक हात कपाळापर्यंत वर गेला आणि मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा घसरू लागला. “सिस्टर, काय झालं हिला?” असे म्हणत ते हात काढून घेऊ लागले. “हात काढू नका. आता काहीच करू नका, नुसते धरून ठेवा,” असे मी सांगितले आणि त्यांचा एक तळवा तिच्या डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पावलांवर अलगद टेकवायला लावला. थोपटायचे नाही, चोळायचे नाही, फक्त उबदार आणि स्थिर. थोड्या वेळाने आधी तिचे खांदे सैल पडले, मग बोटे मिटली आणि मिटता मिटता त्यांच्या करंगळीच्या टोकावर बसली. आकडा सावकाश जागेवर आला. ते मॉनिटरकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होते. पुढच्या वेळी त्यांनी पाय उचलण्याआधीच एक हात डोक्यावर ठेवला आणि ती बोटे फाकवते का ते पाहत पाहत एकेक पायरी केली. मला विचारावेसुद्धा लागले नाही.

तिने खूण केली, त्यांनी ती ओळखली, आपले वागणे बदलले आणि तिला बरे वाटले. पुढे दोन महिन्यांचे बाळ हुंकार देते आणि आई तसाच हुंकार परत देते, तेव्हा याच देवाणघेवाणीचे रूप अधिक स्पष्ट झालेले असते. म्हणून सहभाग याचा अर्थ अधिकाधिक उत्तेजन असा कोणी घेऊ नये. पेटीवर खेळणी टांगणे, सतत गाणी लावणे, झोपलेल्या बाळाला ‘बोलते का’ म्हणून हलवणे यांनी बाळ थकते. कधी बोलायचे याइतकेच कधी गप्प बसायचे हे कळणे मोलाचे आहे आणि ते बाळच शिकवते.

आवाजाविषयी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगावरच्या झबल्यात छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे ठेवून गर्भारपणाच्या हिशेबाने ३२ व्या आणि ३६ व्या आठवड्याला प्रत्येकी १६ तास विभागातले आवाज नोंदवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले ते असे की ३२ आठवड्यांची बाळेही आवाज काढतात आणि आईवडील आलेले असताना बाळांचे आवाज व त्यांना मिळणारी उत्तरे यांची संख्या वाढते. त्याच बाळांचा पुढे पाठपुरावा करून २०१४ मध्ये त्यांनी मांडले की विभागात ज्यांच्या कानावर मोठ्या माणसांचे बोलणे अधिक पडले होते, त्यांचे भाषा आणि आकलन यांचे नंतरचे गुण सरासरीने अधिक होते. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण ज्या पालकांना अधिक वेळ येता येते त्यांच्या घरची परिस्थितीही वेगळी असू शकते. तरी एवढे निश्चित की ज्याला आपण ‘अजून काही कळत नाही’ असे म्हणतो, ते बाळ संवादात आपला वाटा उचलते आहे. आईने हळू आवाजात आपला दिवस सांगावा, नाव घेऊन हाक मारावी, थांबावे आणि पाहावे. यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही.

त्वचेला त्वचा लावून बाळाला छातीवर ठेवण्याची पद्धत, म्हणजे कांगारू मदर केअर, हा या सगळ्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे या डॉक्टरांनी ती सुरू केली ती निकडीतून: पेट्या कमी, बाळे जास्त, संसर्गाचे थैमान. आज ती गरिबांची पर्यायी सोय राहिलेली नाही. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत १ ते १.७९९ किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू केअर सुरू केलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ते १५.७ टक्के होते. पहिल्या गटातली बाळे अतिदक्षता विभागात असताना दिवसाचे सुमारे १७ तास छातीवर होती, दुसऱ्या गटातली दीड तास. हे शक्य झाले ते आईचा पलंगच विभागात आणल्यामुळे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू केअर द्यावी आणि बाळाच्या देखभालीत कुटुंबाला सामील करून घ्यावे, अशी शिफारस केली.

जीव वाचण्यापलीकडचे परिणाम मोजायला वर्षे लागतात, पण ते काम काही जणांनी चिकाटीने केले. इस्रायलमधील रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागोपाठ १४ दिवस रोज एक तास कांगारू केअर मिळालेल्या मुलांची दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा तुलनेतल्या मुलांपेक्षा त्यांची झोप अधिक सुसूत्र, ताणाला मिळणारा शारीरिक प्रतिसाद सौम्य आणि आईबरोबरचा व्यवहार अधिक परस्परपूरक आढळला. बोगोटातच १९९३ ते १९९६ दरम्यान चाचणीत सामील झालेली मुले विशीत पोचल्यावर पुन्हा शोधली गेली; कांगारू गटात अतिचंचलता आणि आक्रमकता कमी होती. वीस वर्षांत एखाद्याच्या आयुष्यात कितीतरी गोष्टी घडतात, हे लक्षात घेऊनही मला त्यातली एक बाब बोलकी वाटते: कांगारू गटातली कुटुंबेही अधिक जपणारी, अधिक जिव्हाळ्याची दिसली. म्हणजे छातीवर ठेवलेल्या बाळाबरोबर आईवडीलही घडत गेले.

मग दारे बंद कशी झाली? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पिएर ब्यूदँ या डॉक्टरांच्या लक्षात आले होते की बाळापासून दूर ठेवलेल्या आयांची त्याच्यातली ओढ कमी होत जाते, म्हणून ते आयांना बाळाजवळ राहून अंगावर पाजण्यास प्रोत्साहन देत. पुढच्या काळात संसर्गाच्या धास्तीने रुग्णालयांनी उलट वाट धरली आणि आईने काचेपलीकडूनच पाहायचे, हा शिरस्ता अनेक देशांत दशकानुदशके टिकला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे आयांना हात धुऊन, गाउन घालून आत येऊ दिले गेले आणि त्यामुळे संसर्ग वाढला नाही असे आढळले. १९७९ मध्ये एस्टोनियातील टॅलिन शहरात आदिक लेविन यांनी परिचारिकांच्या तुटवड्यातून मार्ग काढताना बाळांची बहुतेक देखभाल आयांकडे सोपवली. त्या प्रयोगातून प्रेरणा घेऊन कॅनडात शू ली यांनी कुटुंब-समाविष्ट देखभालीची पद्धत आखली. तिच्यात आईवडील दिवसाचे किमान सहा तास विभागात असतात, त्यांना परिचारिका शिकवतात, आधी यातून गेलेले पालक धीर देतात आणि डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी बाळाची माहिती तेच सांगतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २६ विभागांत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीत बाळांचे वजन अधिक वाढले, पालकांचा ताण आणि चिंता कमी झाली आणि घरी जाताना केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण अधिक होते. कोविडच्या काळात हे सगळे पुन्हा गुंडाळून ठेवले गेले आणि कित्येक आयांना आपले बाळ आठवडेच्या आठवडे फक्त फोनवर पाहावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

सहभाग म्हणजे इमारत बदलणे, असा एक गैरसमज अलीकडे रुजतो आहे. प्रत्येक बाळाला स्वतंत्र खोली दिली की झाले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका अभ्यासात ३० आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या आणि स्वतंत्र खोलीत ठेवलेल्या बाळांचे दोन वर्षांच्या वयातले भाषेचे गुण मोठ्या सामायिक कक्षातल्या बाळांपेक्षा कमी भरले. त्या रुग्णालयात एकंदरीतच पालकांचे येणे कमी होते. शांत खोलीत बाळ एकटे पडले. याउलट प्रॉव्हिडन्समधील पाहणीत खोली कोणतीही असो, आईचा सहभाग जिथे अधिक तिथे दीड वर्षांच्या वयातले परिणाम चांगले होते. खोली बांधायला पैसा लागतो, तो मिळतो. आईला त्या खोलीत राहता यावे म्हणून रजा, जेवण, झोपण्याची जागा, घरच्या मोठ्या मुलाची सोय आणि प्रवासखर्च लागतो, आणि तिथे मात्र हात आखडतो.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याविषयी मला तळमळीने लिहायचे आहे. लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये पुढे लक्ष न टिकणे, चिंताग्रस्त स्वभाव आणि बरोबरीच्या मुलांत मिसळताना अडचण ही तीन लक्षणे एकत्र दिसण्याचे प्रमाण अधिक असते. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदानही त्यांच्यात अधिक होते. त्यामागे मेंदूतील रक्तस्राव, फुप्फुसांचा दीर्घ आजार, संसर्ग, मेंदूची वाढ गर्भाबाहेर होणे अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. पालकांचा सहभाग या वाटचालीला आधार देतो; त्याची कमतरता हे आजाराचे कारण नव्हे. तेव्हा शस्त्रक्रियेतून उठू न शकलेल्या, नोकरी टिकवण्यासाठी कामावर गेलेल्या किंवा यंत्रांकडे पाहून दारातच पाय थिजलेल्या कोणत्याही आईला ‘तू आली नाहीस म्हणून’ हे वाक्य कोणीही, कधीही ऐकवू नये. दारात थिजणाऱ्या पालकांना तर मी आधी खुर्ची देते, बाळाकडे न्यायची घाई करत नाही. आईने अंगाशी ठेवलेला मऊ कापडाचा तुकडा बाळाजवळ आणि बाळाजवळचा तिच्याकडे द्यावा. ही साधी अदलाबदल कोलंबिया विद्यापीठातील मार्था वेल्च यांनी अभ्यासलेल्या कार्यक्रमातही होती. वडील, आजी, मावशी यांपैकी कोणी छातीवर घेतले तरी बाळाला ऊब आणि ओळखीचा वास मिळतो. टाचेतून रक्त घेण्याच्या वेळी बाळ कोणाच्या तरी छातीवर असेल तर वेदनेची लक्षणे कमी दिसतात, म्हणून शक्य तिथे ती तपासणी पालक असताना करावी, असा माझा आग्रह असतो.

घरी गेल्यावरची एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवली पाहिजे. अशा बाळाचा विकास सुधारित वयावरून, म्हणजे ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून, मोजायचा असतो आणि दोन वर्षांचे होईपर्यंत हाच हिशेब धरतात. माणूस पाहून येणारे हसू सुधारित वयाच्या सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास येते. आठ आठवडे आधी आलेल्या बाळाच्या बाबतीत जन्मापासून मोजले तर तेव्हा साडेतीन महिने उलटलेले असतात. तोवर नातेवाइकांची ‘अजून हसत कसे नाही’ ही विचारणा आईला पोखरत राहते. शिवाय ही बाळे लवकर थकतात, नजर पटकन वळवतात आणि त्यांच्या खुणा पुसट असतात. नजर वळली की खुळखुळा आणखी जोरात वाजवण्याचा मोह होतो. अशा वेळी थांबावे, चेहरा शांत ठेवावा आणि बाळ परत वळेपर्यंत वाट पाहावी. ज्या पालकांनी विभागात या खुणा पाहिलेल्या असतात त्यांना हे सांगावे लागत नाही. सुधारित वयाचे तीन महिने उलटूनही बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल, हसत नसेल किंवा आवाजाला दाद देत नसेल, तर मात्र पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि डोळे व कान यांची तपासणी आधी करून घ्यावी, कारण दृष्टिपटलाचा आजार आणि श्रवणदोष या दोन्ही गोष्टी या बाळांत अधिक आढळतात व त्यांवरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके परिणामकारक ठरतात.